रॅपलिंग

रॅपलिंग किंवा दोरावरून अवरोहण म्हणजे वर पक्क्या आधाराला बांधलेल्या दोरावरून घर्षणाच्या साहाय्याने वेग ताब्यात ठेवून खाली उतरण्याचे तंत्र होय. हे घर्षण दोर व उतरणाऱ्याचे शरीर यांच्यात, किंवा दोर व त्याच्या कमरेला अडकवलेले साधन यांच्यात निर्माण होते. गिर्यारोहण, गुहासंशोधन, घळींतील भटकंती, शोध व बचावकार्य, लष्करी प्रशिक्षण, तसेच उंच इमारती, चिमण्या व पवनचक्क्या यांची देखभाल अशा अनेक क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात सह्याद्रीचे कडे आणि सुळके उतरण्यासाठी हे तंत्र सर्रास वापरले जाते.

चढाईच्या तुलनेत रॅपलिंग सोपे वाटते आणि शिकायलाही कमी वेळ लागतो. मात्र चढणारा मनुष्य प्रामुख्याने आपल्या हातापायांवर उभा असतो व दोर हा त्याचा राखीव आधार असतो. उतरणाऱ्याचा मात्र सगळा भार पहिल्या पावलापासून दोर, आधारबिंदू आणि घर्षण यांवरच असतो. यांपैकी एक गोष्ट निकामी झाली, तर स्वतंत्र राखीव व्यवस्था केलेली नसल्यास दुसरा आधार उरत नाही.

नाव

‘रॅपल’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘परत बोलावणे’ असा आहे. दोर मध्यावर दुमडून आधारात ओवायचा, दोन्ही पदरांवरून खाली उतरायचे आणि मग एक पदर ओढून संपूर्ण दोर खाली बोलावून घ्यायचा, या कृतीवरून हे नाव पडले. जर्मन भाषेत यासाठी ‘आबझाइलन’ (दोराने खाली जाणे) असा शब्द आहे. ब्रिटिश वापरातील ‘ॲबसेलिंग’ त्यावरूनच आला. मराठीत ‘अवरोहण’ हा शब्द लेखनात आढळतो. गिर्यारोहकांच्या बोलण्यात मात्र ‘रॅपलिंग’ आणि ‘रॅपल करणे’ हेच रूढ आहे.

हेलिकॉप्टरमधून जाड दोरावरून सरकत उतरण्याची लष्करी पद्धत (फास्ट रोपिंग किंवा स्लिदरिंग) ही रॅपलिंगहून वेगळी आहे. तीत कमरेला कोणतेही घर्षणसाधन नसते. हातमोजे घातलेले हात व बूट यांच्या पकडीवरच वेग अवलंबून असतो. मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी २८ नोव्हेंबर २००८ रोजी राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान कुलाब्यातील नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले ते याच पद्धतीने.

घर्षणाचे गणित

दोर एखाद्या खांबाला गुंडाळला की त्याच्या एका टोकावरील मोठा भार दुसऱ्या टोकाकडे लहानशा बळाने पेलता येतो. हा अनुभव जुना आहे. विहिरीत पाण्याची मोटार किंवा जड पाइप सोडताना शेतकरी दोर जवळच्या झाडाला अथवा रोवलेल्या खांबाला एकदोन वेढे देऊन हळूहळू सैल सोडतात. चारजणांना न पेलणारे ओझे अशा वेळी एकटा माणूस सावकाश खाली उतरवू शकतो. दोरीच्या मल्लखांबातही हेच तत्त्व आहे. तेथे दोरीला गाठ मारीत नाहीत. पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत धरलेली पकड आणि अंगाभोवती घेतलेल्या अढ्या यांच्या घर्षणावरच खेळाडू अधांतरी तोलून राहतो.

या अनुभवाचे गणित लिओनार्ड ऑयलर (१७०७–१७८३) या स्विस गणितज्ञाने मांडले. पुढे जर्मन अभियंता योहान आल्बर्ट आयटेलवाइन याने ते अभियांत्रिकीत रूढ केले. त्यानुसार जड बाजूचा ताण हा हलक्या बाजूच्या ताणाच्या किती पट असू शकतो, हे दोनच गोष्टींवर ठरते: दोर व पृष्ठभाग यांमधील घर्षणांक आणि दोराने पृष्ठभागाला वेढलेला एकूण कोन. ही पट म्हणजे २.७१८ या संख्येचा ‘घर्षणांक गुणिले कोन’ इतका घात होय. कोन त्रिज्यींमध्ये (रेडियनमध्ये) मोजतात. एक पूर्ण वेढा म्हणजे सुमारे ६.२८ त्रिज्यी.

घात असल्यामुळे वेढे वाढवले की परिणाम बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतो. उतरणाऱ्याचे वजन साहित्यासह ८० किलो आणि घर्षणांक ०.२५ मानला, तर अर्ध्या वेढ्यात भार सुमारे २.२ पट हलका होतो व हाताला जवळपास ३६ किलो पेलावे लागतात. एका पूर्ण वेढ्यात ही पट ४.८ होते आणि हातावर सुमारे १७ किलो येतात. दोन वेढ्यांत ती २३ होते, म्हणजे साडेतीन किलो पुरतात. तीन वेढ्यांत ती १११ होते; तेव्हा हाताकडे एक किलोपेक्षाही कमी बळ लागते आणि दोर मुळात सरकेल की नाही असा प्रश्न उभा राहतो.

याच घातामुळे घर्षणांकातील लहान फरकही महागात पडतो. नव्या, गुळगुळीत आवरणाच्या दोरामुळे घर्षणांक ०.२५ ऐवजी ०.१५ झाला, तर त्याच दोन वेढ्यांची पट २३ वरून ६.६ पर्यंत घसरते आणि हातावरचा भार साडेतीन किलोंवरून १२ किलोंवर जातो. जुन्या दोरावर निर्धास्त उतरणारा मनुष्य नव्या दोरावर अचानक घसरू लागतो, त्याचे एक कारण हे आहे. सूत्रात दोराच्या जाडीला स्थान नाही. प्रत्यक्षात मात्र बारीक दोर साधनात कमी दाबला जातो व कमी ताठ असतो, म्हणून तो अधिक वेगाने धावतो. ११ मि.मी. दोरासाठी घडवलेले साधन ८ मि.मी. दोरावर वापरणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

नळीसारख्या साधनात खालच्या, म्हणजे ब्रेकच्या हाताची जागा बदलणे म्हणजे वेढ्याचा कोन बदलणे होय. हात कमरेखाली, मांडीच्या बाजूला नेला की दोर साधनाच्या कडेवर व कॅराबिनरवर अधिक वळतो आणि घर्षण वाढते. तोच हात वर, भारित दोराला समांतर नेला की कोन कमी होऊन पकड जवळजवळ नाहीशी होते. नवशिका मनुष्य घाबरला की बहुधा वरचा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरतो, आणि नेमके तेच त्याने करायचे नसते. त्याचे वजन तोलणारा हात खालचा असतो.

दोराचे स्वतःचे वजन

लांब कड्यांवर घर्षणाचे गणित वाटेत बदलत जाते. साधारण १०.५ मि.मी. जाडीचा दोर मीटरला सुमारे ७० ग्रॅम भरतो. १०० मीटर दोर खाली लोंबत असेल, तर उतरणाऱ्याच्या साधनाखाली ७ किलोंचे ओझे आपोआप ताण देत असते. वरील उदाहरणात दोन वेढ्यांना साडेतीन किलो पुरत होते. म्हणून कड्याच्या माथ्याशी मनुष्य हलतच नाही; त्याला खालचा दोर हाताने उचलून साधनात भरवावा लागतो. जसजसा तो खाली येतो तसतसे हे ओझे घटते आणि वेग आवरण्याचे काम हातावर येते. शेवटच्या काही मीटरांत दोराची मदत संपलेली असते, साधन तापलेले असते आणि हातही दमलेला असतो. त्यामुळे लांब अवरोहणात वाटेत घर्षण कमीजास्त करता येईल असे साधन पसंत केले जाते. समांतर दांड्यांचे ‘रॅक’ हे त्याचे उदाहरण. त्यातील दांड्या एकेक करून कमी किंवा अधिक वापरता येतात.

उष्णता

उंचीवर असताना शरीरात साठलेली स्थितिज ऊर्जा खाली येईपर्यंत जवळजवळ सर्वच उष्णतेत बदलते. ८० किलोंचा मनुष्य ३० मीटर उतरला तर सुमारे २३.५ किलोज्यूल, १०० मीटर उतरला तर ७८ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. साध्या तापमानाचे पाव लिटर पाणी उकळीला आणण्यास जवळपास एवढीच उष्णता लागते. वेग सेकंदाला एक मीटर असेल तर उष्णता निर्माण होण्याचा दर सुमारे ७८५ वॅट होतो, म्हणजे घरगुती इस्त्रीइतका.

ही उष्णता साधन, दोर आणि हवा यांत वाटली जाते. सावकाश उतरणाऱ्याचे साधन कोमट राहते, कारण तयार होणारी उष्णता दोराच्या नव्यानव्या भागात आणि हवेत निघून जायला वेळ मिळतो. वेगाने उतरून एकदम थांबणारा मनुष्य मात्र तापलेले धातूचे साधन दोराच्या एकाच ठिकाणी टेकवून ठेवतो. नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या बरेच अगोदर ते मऊ पडू लागते. अशा वेळी दोराच्या आवरणावर काचेसारखी चकाकी येते व तो भाग ताठ होतो. पॉलिथिलीनच्या अतिबळकट तंतूंपासून केलेल्या पातळ पट्ट्या (डायनीमा) सुमारे १४५ ते १५० अंशांनाच वितळतात, म्हणून घर्षणाच्या गाठीसाठी त्यांचा वापर जपून करावा लागतो. उतरून झाल्यावर साधन दोरातून लगेच मोकळे करावे, असा प्रघात आहे तो यामुळेच. तापलेल्या साधनाला उघडा हात लावणारे नवखे लोक हा धडा सहसा एकदाच घेतात.

इतिहास

अवरोहणाच्या आधुनिक तंत्राचा आरंभ सामान्यतः शामोनी येथील वाटाड्या झां एस्तेरिल शार्ले याच्याकडे दिला जातो. १८७६ मध्ये आल्प्समधील पेती द्र्यू या शिखरावरील प्रयत्नात त्याने दुमडलेल्या दोराने उतरण्याची पद्धत वापरली. १८७९ मध्ये त्याने हे शिखर सर केले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन प्रस्तरारोहक हान्स ड्युल्फर (१८९२–१९१५) याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. तीत दोर मांडीखालून, छातीवरून व खांद्यावरून असा अंगाभोवतीच फिरवतात. कोणतेही साधन लागत नाही, पण घर्षण मांडी, मान आणि खांदा यांनाच सोसावे लागते. आजही साधन हातून निसटून दरीत पडले तर उपयोगी यावी म्हणून ही पद्धत अभ्यासक्रमात शिकवली जाते.

ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ भार आला की दोराला आवळते आणि भार काढला की सरकवता येते. अवरोहणातील राखीव सुरक्षेच्या अनेक गाठी याच जातीच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आले आणि ताग व अंबाडी यांसारख्या वनस्पतिजन्य तंतूंचे दोर गिर्यारोहणातून मागे पडले. १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने आतला गाभा भार घेतो व बाहेरचे विणलेले आवरण त्याचे रक्षण करते अशा रचनेचा दोर आणला. आजचे जवळपास सर्व दोर याच रचनेचे असतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात दोराने कडा चढल्याचे उल्लेख अधिक प्रसिद्ध आहेत. मात्र मराठीतील ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार दोराने उतरण्याशी जोडलेला आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या सुमारास सिंहगडावरील लढाईत तानाजी मालुसरे पडल्यावर मावळे आल्या वाटेने, म्हणजे दोरांवरून, परतू लागले. तेव्हा सूर्याजी मालुसरे यांनी दोर कापून टाकल्याचे सांगून त्यांना लढाईस उभे केले, अशी परंपरागत कथा आहे.

साधने

उतरणारा कमर व मांड्या यांभोवती हार्नेस बांधतो. त्याला कुलूपबंद कॅराबिनरने अवरोहण-साधन (डिसेंडर) जोडतात. ‘फिगर ऑफ एट’ किंवा नुसते ‘एट’ हे इंग्रजी आठच्या आकाराचे साधन भारतातील प्रशिक्षणात सर्वाधिक परिचित आहे. ते स्वस्त आणि दणकट असून उष्णताही चांगली सोसते. पण दोराला पीळ पाडते आणि हात सुटला की आपोआप थांबत नाही. नळीसारख्या साधनांनी पीळ कमी पडतो. हात सुटताच दोर पकडणारी, तरफेने चालणारी साधने महाग व जड असतात. बचावपथके आणि औद्योगिक कामगार तीच वापरतात. साधन नसेल तर मोठ्या कॅराबिनरवर इटालियन गाठ घालूनही उतरता येते.

अवरोहणासाठी कमी ताणणारा (स्टॅटिक) दोर योग्य समजला जातो. पडणाऱ्याचा झटका शोषून घेणारा चढाईचा ताणणारा (डायनॅमिक) दोर अवरोहणात रबरासारखा हेलकावतो, आणि दर हेलकाव्याला कड्याच्या धारेवर घासला जातो. कमी ताणणाऱ्या दोरांसाठी युरोपीय मानक ईएन १८९१ प्रचलित आहे. त्यातील ‘ए’ प्रकारच्या दोराला किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २.२ टन स्थिर भार पेलावा लागतो. गाठ मारली की ही ताकद बरीच घटते.

आधारबिंदू

सुरक्षित अवरोहणात साधनापेक्षा आधारबिंदू (अँकर) महत्त्वाचा असतो. सह्याद्रीत तो सहसा कातळात ठोकलेला बोल्ट, भेगेत मारलेली मेख, मोठा अचल खडक किंवा जिवंत झाड असा असतो. किमान दोन स्वतंत्र बिंदू घेऊन भार दोघांवर वाटला जातो. दोन पट्ट्यांमधील कोन लहान ठेवणे आवश्यक असते. तो ६० अंश असेल तर प्रत्येक बिंदूवर एकूण भाराच्या सुमारे ५८ टक्के, ९० अंशांना ७१ टक्के आणि १२० अंशांना पूर्ण १०० टक्के भार येतो. कोन १५० अंश झाला तर प्रत्येक बिंदूवर भाराच्या जवळपास दुप्पट ओढ पडते. दोन बिंदू घेऊनही व्यवस्था एका बिंदूपेक्षा कमजोर झाली, असे तेव्हा घडते.

सह्याद्रीचा कातळ हा दख्खनच्या लाव्हाथरांचा बेसाल्ट आहे. कठीण, घट्ट थरांच्या अधूनमधून सच्छिद्र व ठिसूळ थर आणि तांबड्या मातीसारखे पट्टे येतात. एकाच कड्यावर दहा फुटांच्या अंतरात बोल्टसाठी उत्तम आणि अगदी निरुपयोगी असे दोन्ही खडक सापडतात. हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज येणारा कातळ घट्ट आणि बद्द आवाज येणारा पोकळ किंवा सुटा, ही कसोटी त्यामुळे महत्त्वाची आहे. पूर्वीच्या मोहिमांनी मारून ठेवलेल्या मेखा व बोल्ट बहुतेक सुळक्यांवर दिसतात. चार महिन्यांच्या पावसात ते आतून गंजतात आणि बाहेरून तसे कळत नाही. आयता बोल्ट दिसला म्हणून त्यावर भार टाकू नये, हा नियम याच अनुभवातून आला आहे.

अपघात आणि ते टाळण्याचे उपाय

रॅपलिंगमध्ये दोर नुसत्या भाराने तुटल्यामुळे होणारे अपघात फार विरळ असतात. दोर धारदार कडेवर घासून कापला जाणे हे अधिक संभवते. म्हणून कड्याच्या धारेवर दोराखाली गोणपाट, जाड कापड किंवा दोररक्षक घालतात. चित्रपटांत दिसणाऱ्या, भिंतीला लाथा मारत घेतलेल्या लांब उड्या येथे घातक ठरतात. प्रत्येक उडीच्या शेवटी आधारबिंदूवर शरीराच्या वजनाहून अधिक भार येतो आणि दोर धारेवर करवतीसारखा मागेपुढे होतो.

सर्वांत साधी आणि तरीही पुनःपुन्हा घडणारी चूक म्हणजे दोराच्या टोकावरून निसटणे. दोर जमिनीपर्यंत पोचलेला नसतो, किंवा दुमडलेल्या दोराचा एक पदर आखूड असतो. उतरणारा खाली न पाहता येत राहतो आणि टोक साधनातून बाहेर पडते. दोराच्या प्रत्येक टोकाला जाड गाठ मारली की हा अपघात टळतो. गाठ मारायला अर्धे मिनिटही लागत नाही.

ब्रेकचा हात सुटण्याची कारणे अनेक आहेत. वरून पडलेला दगड, मधमाश्या, चक्कर किंवा थकवा यांपैकी काहीही पुरते. यावर तीन उपाय योजतात. साधनाच्या खाली बारीक दोरीची घर्षणगाठ बांधून ती हार्नेसला जोडली, तर हात सुटताच गाठ आवळते. खाली उभा असलेला साथीदार दोर ओढून धरूनही उतरणाऱ्याला थांबवू शकतो. याला ‘फायरमन बिले’ म्हणतात. नवशिक्यांसाठी वरून वेगळा सुरक्षादोर (बिले) देणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, कारण मुख्य दोर, त्याचा आधार किंवा साधन यांपैकी काहीही निकामी झाले तरी तो स्वतंत्रपणे माणसाला धरतो. पहिले दोन उपाय मुख्य दोर शाबूत असेल तरच उपयोगाचे.

लांब केस, ओढणी, गळ्यातील कॅमेऱ्याचा पट्टा किंवा सैल सदरा साधनात ओढला गेला, की माणूस मध्येच अडकतो आणि स्वतःचा भार काढल्याशिवाय सुटत नाही. अशा वेळी चाकू वापरणे अत्यंत धोक्याचे असते. ताणलेला दोर पात्याच्या नुसत्या स्पर्शाने कापला जातो. हार्नेसमध्ये फार वेळ निश्चल लटकत राहिल्यास पायांकडील रक्त परत फिरण्यास अडथळा होऊन शुद्ध हरपू शकते. म्हणून अडकलेल्या माणसाला पाय हलवत ठेवण्यास सांगून त्याला शक्य तितक्या लवकर मोकळे करतात.

कॅराबिनर आडवा फिरून त्याच्या दारावर भार येणे ही आणखी एक दुर्लक्षित बाब आहे. लांबीच्या दिशेने वीस किलोन्यूटनहून अधिक भार सोसणारा कॅराबिनर आडव्या दिशेने साधारण सात किलोन्यूटनच पेलतो. कड्यावरून पाय सोडण्यापूर्वी आधार, गाठी, हार्नेसचे बक्कल, साधन आणि कॅराबिनरचे कुलूप ही सर्व जोडणी दुसऱ्या व्यक्तीने हात लावून तपासावी, असा सर्वत्र संकेत आहे. अनुभवी लोक ही तपासणी टाळण्याची शक्यता अधिक असते. सांदण दरी प्रकाशात आणणारे ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेदरम्यान झाला. या घटनेनंतर कड्याच्या काठावर वावरणाऱ्या प्रत्येकाच्या, विशेषतः मोहीम चालवणाऱ्यांच्या, स्वतःच्या सुरक्षेची चर्चा राज्यातील गिर्यारोहकांत झाली. उतरणारा बांधलेला असतो. त्याला उतरवणारे नेहमी बांधलेले असतातच असे नाही.

सह्याद्रीतील रॅपलिंग

एक हजार फुटांहून अधिक उंचीचा आणि आतल्या बाजूस वळलेला कोकणकडा हे राज्यातील सर्वांत प्रसिद्ध अवरोहणस्थळ आहे. त्याच्या बाकामुळे उतरणाऱ्याचे पाय बराच काळ कातळाला लागत नाहीत आणि तो दोरावर अधांतरी फिरत राहतो. खंडाळ्याजवळील नागफणी (ड्यूक्स नोज), रायगडासमोरील लिंगाणा, जीवधनजवळील वानरलिंगी हीही परिचित ठिकाणे. साम्रदजवळील सांदण दरीत लहान टप्प्यांचे अवरोहण करत घळीतून खाली जाता येते. पावसाळ्यात धबधब्यांवर होणारे रॅपलिंग लोकप्रिय असले तरी त्याचा धोका वेगळा आहे: शेवाळावर पाय ठरत नाही, पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि वरच्या पठारावर झालेल्या पावसाचा लोंढा काही मिनिटांत खाली पोचतो.

आग्या मोहोळ हा सह्याद्रीच्या कड्यांवरचा खास धोका आहे. या माश्या कातळाच्या पुढे आलेल्या भागाखाली उघडी पोळी बांधतात. अत्तराचा वास, धूर, आवाज किंवा वरून पडलेला दगड यांनी त्या चवताळू शकतात. जमिनीवरचा माणूस पळू शकतो. दोरावरच्या माणसाला ती सोय नसते. म्हणून मार्ग निवडताना समोरच्या बाजूने दुर्बिणीतून कडा न्याहाळून पोळी कुठे आहेत हे आधी पाहतात.

कृष्णाकाठच्या सपाट प्रदेशात कड्यांचा अभाव आहे. सांगली व मिरज यांना लागून असलेले कुपवाड, जे १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आले, तेथून जवळचा उंचवटा म्हणजे मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर. पण तो उताराचा आहे. खऱ्या कड्यांसाठी या भागातील गिर्यारोहकांना पश्चिमेस शिराळा व पाटण तालुक्यांच्या घाटमाथ्याकडे किंवा उत्तरेस वाई-महाबळेश्वरकडे जावे लागते. मैदानी भागात सरावासाठी इमारतींच्या भिंती व कृत्रिम प्रस्तरभिंती उपयोगी पडतात. सरळ, कोरड्या, धार नसलेल्या भिंतीवर हात बसला तरी ठिसूळ कातळ, घसारा आणि काठावरील गवत यांची ओळख तेथे होत नाही.

बचावकार्य

महाबळेश्वर, सातारा आणि कोयना खोऱ्यातील घाटरस्ते दऱ्यांच्या काठाने जातात आणि तेथील अपघातांत स्थानिक ट्रेकर्सची पथके दोराने खाली उतरतात. २८ जुलै २०१८ रोजी महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली. बसमधील एक जण वगळता सर्वांचा मृत्यू झाला. भर पावसात, निसरड्या उतारावर आणि धुक्यात महाबळेश्वर ट्रेकर्स व परिसरातील इतर पथकांनी, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासह, दोरांच्या साहाय्याने मृतदेह वर आणले.

बचावकार्यात घर्षणाची बाजू उलटी होते. उतरताना मदत करणारे कड्याच्या धारेवरचे घर्षण वर ओढताना विरोधात जाते, म्हणून धारेवर गोल रूळ आणि आधाराशी कप्प्या लावाव्या लागतात. जखमीसह स्ट्रेचर सोडताना दोन माणसांचे वजन एका साधनावर येते. एकट्यासाठी पुरेसे असलेले वेढे तेव्हा अपुरे पडतात, आणि साधनात एक जादा वेढा किंवा दांडी घ्यावी लागते.

विहिरीत पडलेल्या माणसाला किंवा जनावराला काढण्यासाठीही हेच तंत्र वापरतात. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पूर्वभागात विहिरी खोल आहेत. बंद, फार दिवस न वापरलेल्या विहिरीत तळाशी विषारी वायू किंवा प्राणवायूचा अभाव असू शकतो. वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही बेशुद्ध पडण्याच्या घटना त्यामुळेच घडतात. उतरणाऱ्याला वरून स्वतंत्र दोर बांधलेला असणे येथे अनिवार्य आहे, कारण बेशुद्ध माणूस स्वतःचा ब्रेक धरू शकत नाही.

औद्योगिक वापर

कुपवाड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणच्या शेड व टाक्या किंवा साखर कारखान्यांच्या चिमण्या रंगवणे व दुरुस्त करणे ही कामे परांची बांधून किंवा दोराला टांगलेल्या झुल्यावर बसून करण्याची पद्धत आहे. झुल्यावरचा कामगार अनेकदा एकाच दोरावर असतो. याउलट ‘रोप ॲक्सेस’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रत्येक कामगाराला दोन वेगळ्या आधारांवरचे दोन दोर असतात: एकावर तो उतरतो, दुसऱ्यावर त्याच्यासोबत सरकणारे आणि झटका बसताच अडकणारे साधन असते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३२ व्या कलमात उंचीवर काम करणाऱ्याचे पडण्यापासून रक्षण करण्याची तरतूद करण्यात आली.

पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठार आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव परिसर येथे पवनचक्क्या मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या पात्यांची तपासणी व दुरुस्ती दोरावर उतरून केली जाते. वरच्या कक्षात आग लागली व आतील शिडीची वाट बंद झाली, तर बाहेरून उतरण्यासाठी स्वयंचलित अवरोहण-साधन ठेवतात. त्यात केंद्रापसारी ब्रेक असतो: उतरण्याचा वेग वाढू लागला की फिरणारे ठोकळे बाहेर फेकले जाऊन आवरणावर अधिक दाबाने घासतात आणि वेग ठरावीक मर्यादेत राहतो. येथे ब्रेकचा हात लागत नाही. जखमी किंवा बेशुद्ध कामगारालाही खाली सोडता येते.

प्रशिक्षण व नियमन

दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५) यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमांत रॅपलिंग शिकवले जाते. महाराष्ट्रातील अनेक प्रशिक्षक तेथून शिकून आले आहेत. राज्यात पुण्याची गिरिप्रेमी (स्थापना १९८२) व इतर संस्था प्रस्तरारोहणाची शिबिरे घेतात. राष्ट्रीय छात्र सेनेच्या साहसी शिबिरांतही विद्यार्थ्यांना त्याची ओळख होते. पैसे घेऊन एका दिवसात शेकडो लोकांना धबधब्यावरून उतरवणारे आयोजक वाढल्यानंतर नियमनाची मागणी पुढे आली. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने जमीन, पाणी व हवा यांतील साहसी उपक्रमांसाठी साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष त्यात अंतर्भूत आहेत.